कॅमेऱ्यातला फेरीवाला आणि पिशवीतला

डिसेंबर उजाडला की कुलाबा कॉजवेच्या पदपथाला वेगळीच कळा येते. रीगल सिनेमापासून निघावे आणि मोंडेगार, लिओपोल्ड मागे टाकत पुढे चालत राहावे. एका हाताला दुकाने, दुसऱ्या हाताला रस्त्याकडे पाठ करून उभे असलेले स्टॉल आणि मधून दोन माणसे अंग चोरून जातील एवढी वाट. जुनी भासावीत म्हणून मुद्दाम काळवंडवलेली पितळी होकायंत्रे, चांदीची म्हणून विकली जाणारी पण चांदीची नसलेली कर्णभूषणे, लाकडी हत्ती, कोल्हापुरी चपला, मोरपिसांचे पंखे, शाली. आणि ते माणसाएवढाले फुगे! हे फुगे मुंबईचा माणूस सहसा विकत घेत नाही. फुगेवाल्यालाही ते ठाऊक असते, त्यामुळे तो आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची बाटली दिसली की मात्र तो शंभर पावले मागे मागे चालतो.

कामाच्या निमित्ताने या रस्त्यावरून माझे बरीच वर्षे जाणे-येणे आहे. पाहुणे इथे विकत घेतात थोडे आणि बघतात फार, हे हळूहळू लक्षात येत गेले. पूर्वी गळ्यात कॅमेरा असे, आता हातात फोन असतो, एवढाच फरक. वडापाववाल्याच्या कढईसमोर घोळका उभा राहतो. पिठात बुडवलेला वडा तेलात सोडणारी ती बोटे, पावाला मधोमध दिलेला काप, आत भुरभुरलेली लसणाची चटणी आणि कागदात गुंडाळून समोर धरलेला हात, हे सारे दहा-बारा सेकंदांत उरकते आणि दहा-बारा फोनमध्ये उतरते. हा वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला, असे मानले जाते. गिरणीतून सुटणाऱ्या आणि गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाचे ते खाणे. ते आज मुंबईच्या प्रेक्षणीय स्थळांत जाऊन बसले आहे. रस्त्यावरचे खाणे दाखवायला वाटाड्यासह फेरफटके निघतात, त्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात. आपण उभ्या उभ्या जे फुकट बघतो त्याला तिकीट लागले, असे म्हणा ना!

या कौतुकाची चेष्टा करायला फार अक्कल लागत नाही. ‘आमची गरिबी यांना शोभेची वाटते’ असे म्हटले की टाळी मिळते. मला ते पुरते पटत नाही. पाहुण्याला जे दिसते ते खोटे नसते. चार फूट जागेत अख्खे दुकान उभे करायचे, पावसाची चाहूल लागताच ताडपत्री ओढायची, तिघा गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलत चौथ्याचे सुटे पैसे परत करायचे, ही मोठी कसबाची कामे आहेत. आपण रोज पाहतो म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला घरच्या सुनेच्या हातची भाकरी दिसते, घरच्यांना नुसती भाकरी दिसते, त्यातलाच हा प्रकार.

पण पाहुण्याची नजर जिथे थांबते त्याच्या अलीकडे-पलीकडे बरेच काही असते. रात्री तो माल कुठे ठेवला जातो? सकाळी सहापासून बसलेली बाई लघवीला कुठे जाते? जागेसाठी कोणाकोणाच्या हातावर काय ठेवावे लागते? आणि ‘गाडी आली’ ही हाक तर पाहुण्याच्या फोनमध्ये क्वचितच येते. महापालिकेची गाडी वळणावर दिसली की रस्त्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे ही हाक जाते आणि अर्ध्या मिनिटात पदपथ रिकामा होतो. भाजीवाली आधी वजनकाटा उचलते, मग पैशांचा डबा आणि मग जमली तर भाजी. टोमॅटो तसेच राहतात. कपडेवाला चादरीची चार टोके एकत्र करून गाठोडे खांद्यावर टाकतो आणि बाजूच्या इमारतीच्या जिन्यात शिरतो. वीस मिनिटांनी सारे पूर्ववत. जे सापडले त्यांचा माल मात्र गाडीत जातो. कपडे दंड भरून सोडवता येतात. पालेभाजी आणि मासळी कोण सोडवणार?

हा खेळ आजकालचा नाही. मुंबई महापालिकेचा मूळ कायदा १८८८ सालचा. रस्त्यावर विक्रीला मांडलेला माल पूर्वसूचना न देता उचलण्याचा अधिकार त्याच्या ३१४ व्या कलमात आहे. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या न्यायालयाने आठवड्याभराच्या अंतराने दोन निकाल दिले. एक पदपथावर राहणाऱ्यांचा, तो गाजला. दुसरा मुंबईच्या फेरीवाल्यांचा, तो फारसा कोणाच्या लक्षात नाही. फेरीवाल्यांसाठी शहरात जागा ठरवून द्याव्यात, ही कल्पना त्या दुसऱ्या निकालातून पुढे आली. १९८९ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रस्त्यावर व्यवसाय करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. अर्थात वाजवी बंधनांसह, आणि अमुकच जागी बसेन असा हट्ट धरण्याचा हक्क मात्र नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, संसदेने कायदा केला. शहरातल्या सगळ्या फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करायचे, दर पाच वर्षांनी ते पुन्हा करायचे, प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचे आणि तोपर्यंत कोणाला उठवायचे नाही. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा त्यांनी स्वतः निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या.

कागदावर हे फार चांगले आहे. मुंबईत समितीवरच्या या प्रतिनिधींची निवडणूक झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी. मतदारयादीत नावे होती सुमारे बत्तीस हजार. २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे नव्याण्णव हजार अर्ज आले होते. कोट्यवधींच्या शहराचे अडीच टक्के म्हणजे किती होतात याचा हिशेब वाचकांनीच घरी करून पाहावा. यादीत नसलेला फेरीवाला नाहीसा होत नाही. तो तिथेच बसतो, फक्त बेकायदा बसतो, आणि बेकायदा बसणाऱ्याला रोज कोणाला तरी खूश ठेवावे लागते.

आता दुसरी बाजू. ती फेरीवाल्यांच्या कैवाऱ्यांना ऐकायला आवडत नाही, पण ती आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पुलाची रुंदी आणि गर्दी ही त्यामागची खरी कारणे होती, फेरीवाले नव्हेत. पण स्थानकाबाहेर पाऊल ठेवायला जागा नसते, हे त्या दिवसानंतर साऱ्या शहराने मोठ्याने म्हटले. पाठोपाठ आंदोलने झाली, फेरीवाल्यांना मारहाण झाली आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत विक्री नको, असे बजावले. शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्याभोवती शंभर मीटर. काठी टेकत चालणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई, पांढरी काठी घेतलेला अंध माणूस यांनी पदपथ सोडून बसच्या पुढ्यात चालायचे, हे कोणत्या न्यायात बसते? पदपथ आधी चालणाऱ्याचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही दीडशे मीटरचा हा हिशेब मुंबईच्या बाईने केलेला नाही, हे चटकन कळते. संध्याकाळी साडेसहा-सातला गाडीतून उतरणारी, घरी जाऊन तासाभरात पोळीभाजी टाकणारी बाई भाजी घेते ती स्थानकाच्या दारात. त्या वेळी तिच्या रस्त्यात जे असेल तेच ती घेणार. निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली गवार अशा पिशव्या मुंबईच्या स्थानकांबाहेर विकायला आल्या त्या तिच्यासाठी. तिची आई बायकांच्या डब्यात बसून हीच गवार निवडत घरी यायची. विकणारीने हे पाहिले आणि निवडण्याचे काम स्वतःकडे घेऊन त्याचे चार पैसे लावले. एवढी गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारा व्यापारी दुकानात बसून मिळत नाही. दीडशे मीटर पलीकडे तिची टोपली नेऊन ठेवली तर भाजी तीच राहील, वाट मात्र बदलेल. गिऱ्हाईक तिकडे जाणार नाही.

गंमत अशी की ही निवडलेली मेथी कोणी पर्यटक टिपत नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण तर त्याला ठाऊकही नसते, कारण ती दाराशी येते. चाव्या करून देणारा, छत्र्या दुरुस्त करणारा, पावसाळ्याच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या चपला विकणारा, संध्याकाळी पाच रुपयांचा गजरा देणारी यांच्यात बघण्यासारखे फारसे काही नाही. त्यांच्यात घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. रस्त्यावरच्या विक्रीचे असे दोन भाग पडतात, एक कॅमेऱ्यात जाणारा आणि दुसरा पिशवीत जाणारा. माझी काळजी अशी की पुढेमागे पहिल्याला अभय मिळेल आणि दुसऱ्याला उठवले जाईल.

ही नुसती शंका नाही. बँकॉकचे उदाहरण ताजे आहे, आणि बँकॉक-पट्टायाची सहल मराठी घरांना आता महाबळेश्वरइतकी परिचयाची झाल्याने ते समजायलाही सोपे आहे. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या नगर प्रशासनाने पदपथावरचे विक्रेते हटवण्याचा इरादा जाहीर केला आणि जगभरच्या वृत्तपत्रांत आक्रोश झाला. रस्त्यावरच्या खाण्यासाठी ज्या शहराचे नाव पहिले घेतात, तेच शहर ते बंद करते म्हणजे काय! प्रशासनाने घाईघाईने खुलासा केला. यावारात, म्हणजे चिनी वस्ती, आणि परदेशी तरुणांनी गजबजलेला खाओसान रस्ता, इथले खाणे राहील, उलट नीटनेटके होईल. पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला. पण ज्या गल्ल्यांत कचेरीतल्या मुली आणि टॅक्सीवाले दुपारचा भात खात, तिथल्या गाड्या गेल्या त्या गेल्याच. त्याच वर्षाच्या शेवटी बँकॉकच्या एका रस्त्याकडेच्या भोजनालयाला मिशेलिनचा तारा मिळाला. तिथे जेवायला आता लोक विमानाने येतात.

आपण स्वतः पर्यटक होतो तेव्हा कसे वागतो हेही पाहण्यासारखे आहे. त्याच बँकॉकमध्ये कापलेल्या आंब्याची आणि चिकट भाताची गाडी पाहून आपण हरखतो, ‘काय स्वच्छ, काय छान’ म्हणतो, घासाघीस करून एक थैली आणि तीन हत्ती आणतो. परत आल्यावर सोसायटीच्या सभेत फाटकासमोरच्या केळेवाल्याविरुद्धच्या अर्जावर सही करतो. आणि सभा संपल्यावर जाता जाता त्याच्याकडून अर्धा डझन केळी घेतो. केळेवाला काही बोलत नाही. अर्ज कोणी दिला हे त्याला आधीच कळलेले असते.

सिंगापूरचे नाव या चर्चेत हटकून निघते. ‘तिथे बघा कसे केले’ असे सांगणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक सभेत असतो, आणि त्याचे पूर्ण चूक नसते. तिथे १९७० आणि ८० च्या दशकांत रस्त्यावरच्या सर्व विक्रेत्यांना नळ, गटार, छप्पर असलेल्या सरकारी केंद्रांत हलवले. २०१६ मध्ये अशाच एका केंद्रातल्या चिकन-भाताच्या गाळ्याला मिशेलिनचा तारा मिळाला आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण सांगताना एक गोष्ट गाळली जाते. ही केंद्रे उभी राहिली ती सरकारने बांधलेल्या नव्या वसाहतींच्या पोटात, लोक जिथे राहायला गेले तिथे. पर्यटक त्यानंतर आले. आपल्याकडे फेरीवाल्यांसाठी जागा ठरवतात ती जिथे माणूस फिरकत नाही अशा रस्त्यावर, पांढरे पट्टे मारून. मग पट्टे रिकामे राहतात आणि ‘यांना शिस्तच नको’ असा निष्कर्ष निघतो.

बाजार कोणासाठी भरतो याची परीक्षा घ्यायची असेल तर मी गोव्याकडे बोट दाखवीन. हणजुणचा बुधवारचा बाजार हिप्पींनी १९७० च्या दशकात सुरू केला. परतीच्या तिकिटाला पैसे हवेत म्हणून त्यांनी आपल्याच चीजवस्तू तिथे मांडल्या. आज तिथे राजस्थानी चादरी, काश्मिरी शाली आणि लमाणी बायकांच्या आरशांच्या पिशव्या असतात. पाऊस सुरू झाला की बाजार मिटतो, कारण पाहुणे गेलेले असतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्याच बार्देश तालुक्यातला, फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथे पाऊस तोंडावर आला की उलट पाय ठेवायला जागा नसते. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चाललेली असते. सुकी मासळी, सोलां, मिरची, कांद्याच्या माळा, मातीची भांडी. पाहुणे म्हापशालाही येतात, मयड्याची भलीमोठी केळी पाहून चकित होतात, चोरिसाच्या माळांचे फोटो घेतात. कोणी त्यांना हाकलत नाही आणि कोणी त्यांच्यासाठी थांबतही नाही. पर्यटकाला खरे तर म्हापसाच बघायचा असतो. त्याच्यासाठी म्हणून मांडलेला बाजार त्याला दोन दिवसांत कंटाळवाणा होतो, कारण तसाच बाजार त्याने बालीला आणि इस्तंबूलला पाहिलेला असतो.

म्हणून २०१४ च्या कायद्याच्या परिशिष्टातले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ फेरीवाले व्यवसाय करीत आले आहेत अशा नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे ते वाक्य आहे. त्यात देखणेपणाची अट नाही. पर्यटकांची अट नाही. पण ‘वारसा’ हा शब्द आला की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? कुलाब्यात तर मौज आहे. तिथल्या फेरीवाल्यांच्या एका संघटनेच्या नावात ‘टुरिझम’ शब्द आहे आणि त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्या रहिवाशांच्या संघटनेच्या नावात ‘हेरिटेज’. दोघांनाही शब्दांची किंमत बरोबर कळलेली आहे. दादरच्या पुलाखाली पहाटे फुलांचे भारे सोडणाऱ्यांना, वसईहून भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना, नाक्यावरच्या कोळणीला असा शब्द कोण मिळवून देणार? पन्नास वर्षांचा पुरावा म्हणून दाखवायला त्यांच्याकडे असतात त्या फार तर सासूच्या नावाच्या पावत्या, त्याही जपून ठेवल्या असतील तर.

यात मराठी-परप्रांतीय असा वाद शिरतो आणि मग सगळी चर्चा त्याच खड्ड्यात जाते. या धंद्यात बाहेरून आलेले पुष्कळ आहेत, हे खरे. गिरण्या बंद पडल्यावर वडापावची गाडी टाकणारी मराठी घरेही पुष्कळ आहेत, हेही खरे. महापालिकेची गाडी आली की दोघांचीही टोपली जाते. अधिवासाची अट असावी की नसावी यावर जरूर भांडावे. पण यादीच नीट झालेली नसताना हे भांडण बिनबुडाचे ठरते.

राहता राहिली समिती. तिच्यावर आयुक्त असतात, पोलीस असतात, व्यापारी संघटना, रहिवासी संघटना, स्वयंसेवी संस्था आणि फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात. संध्याकाळी सव्वासातला पिशवी पुढे करणारी बाई, या नात्याने, तिच्यावर कोणी नसते. रहिवासी संघटनेच्या सभा रविवारी सकाळी होतात आणि त्या वेळी ती आठवड्याचे कपडे धूत असते. पुढचे सर्वेक्षण होईल तेव्हा मोजणीदारांनी सकाळी अकराला, बाजार सुस्तावलेला असताना, फिरू नये. संध्याकाळी सहा ते नऊ फिरावे. विकणाऱ्याचे नाव लिहावेच, पण त्याच्यासमोर उभे कोण आहे, ते काय घेते आणि आणखी किती लांब चालून जाईल, हेही तिथल्या तिथे विचारून लिहावे. कुलाब्याच्या फुगेवाल्यासमोर एक उत्तर मिळेल आणि डोंबिवलीच्या जिन्याखाली दुसरे. दोन्ही उत्तरे कागदावर आली म्हणजे कोणता पदपथ मोकळा करायचा आणि कोणाला कुठे जागा द्यायची, यावर निदान मुद्द्याला धरून भांडता येईल.